इटियाडोहवर लेकीसोबत कनूची सफर आणि मुक्काम

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. त्याच्या जलाशयात कनू वल्हवत फिरायचे आणि रात्री काठावर तंबूत मुक्काम करायचा, अशी सोय परिसरातील काही तरुणांनी सुरू केली आहे. एक पालक आणि एक मूल अशा जोडीसाठीच ही सफर आखल्याचे ते सांगतात. त्यामुळे, ही सफर खरोखर मुलाचा विचार करून आखली आहे की मोठ्यांच्याच सफरीत मुलाला बसवून घेतले आहे, याच दृष्टीने मी तिच्याकडे पाहिले. सोबत माझी बारा वर्षांची मुलगी होती.

शिकवण्याच्या बाबतीत पूर्ण गुण द्यावे लागतील. कनू वरून उघडी असते आणि ती एकाच पात्याच्या वल्ह्याने चालवतात. दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे कयाकचे. आमचे मार्गदर्शक ढीवर समाजातील, उभे आयुष्य डोंग्यावरून मासेमारी केलेले गृहस्थ होते. त्यांनी सुरुवातीला गुडघाभर पाण्यातच बराच वेळ सराव करून घेतला. नावेची दिशा मागे बसणाऱ्याच्या हाती असते आणि वल्हे उचलण्यापूर्वी पाते किंचित बाहेर ढकलले की नाव सरळ राहते, हे त्यांनी एकही अवघड शब्द न वापरता दाखवले. "पाणी हानू नोको बाई, हळू वढ," एवढेच ते मुलीला सांगत होते. शांत खाडीसारख्या भागात पोहोचल्यावर त्यांनी तिला मागे बसवले आणि मला पुढे बसवून, काहीही सुचवायचे नाही, अशी तंबी दिली. नाव बराच वेळ नागमोडी गेली, एकदा पाण्यात बुडालेल्या झाडाच्या खुंटाला घासलीही. पण ती सरळ करण्याचे काम शेवटपर्यंत मुलीकडेच राहिले. पैसे वसूल झाले ते इथेच.

लाइफ जॅकेटबाबत मात्र असे म्हणता येत नाही. मुलांसाठी ठेवलेली जॅकेटे प्रत्यक्षात मोठ्यांच्याच लहान मापाची होती. पट्टे पूर्ण आवळल्यावरही खांद्याला धरून उचलताच मुलीचे जॅकेट थेट कानापर्यंत सरकले, म्हणजे पाण्यात ते तिच्या डोक्यावरून निघूनच गेले असते. यावर उपाय म्हणून एका कार्यकर्त्याने कमरेला नायलॉनची दोरी बांधून दिली, जी मी मान्य केली नाही. शेवटी पलीकडच्या गटातून योग्य मापाचे जॅकेट आणावे लागले. मुलांचे जॅकेट वजनानुसार निवडायचे असते आणि लहान मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा असावा लागतो, हे मुलांची सफर चालवणाऱ्यांना सांगावे लागू नये.

वेळापत्रकही सुधारायला हवे. सकाळचा नाश्ता रेंगाळत होतो आणि परतीचा मोठा, उघडा टप्पा नेमका दुपारच्या वाऱ्यात येतो, तेव्हा पुढे बसलेल्या मुलाचे हात लवकर भरून येतात. पहाटे निघाल्यास वाराही टळेल आणि हळदी-कुंकू बदके व पाणकावळेही निवांत पाहता येतील.

मुक्काम जंगलात नसून काठच्या खासगी शेतात, धान कापून झालेल्या बांधीत आहे. धसकटे तंबूच्या तळाला टोचतात, म्हणून खाली तणसाचा जाड थर पसरतात. त्यावर झोप इतकी छान लागते की घरच्या गादीची आठवण येत नाही. जेवणात भात, मासोळीचा रस्सा आणि लाखोरीच्या डाळीचे वडे होते. मुलीसाठी तिखट वेगळे, बेताचे केले होते आणि तेही न सांगता. परिसरात अस्वलांचा वावर असल्याने अंधार पडल्यावर कोणालाही एकट्याने तंबूबाहेर जाऊ देत नाहीत, रात्री एक जण जागा असतो आणि उरलेले अन्न गाडीत बंद ठेवतात. शौचालय तात्पुरते असले तरी स्वच्छ होते.

दोघांचे मिळून, जेवण व तंबूसह, ४,८०० रुपये झाले. मिळालेल्या शिकवणीच्या मानाने ते रास्त वाटले. रेल्वेने येणाऱ्यांना गोंदिया–बल्लारशा मार्गावरील अर्जुनी स्थानक सोयीचे आहे. धानाची कापणी आटोपल्यापासून मोहफुले गळू लागण्यापूर्वीपर्यंतचा काळ निवडावा, कारण मोहाच्या दिवसांत अस्वले फुलांसाठी बाहेर पडतात. नोंदणी करताना आयोजक मुलाचे वय विचारतात, वजन विचारत नाहीत. ते आपणच सांगून त्या मापाचे जॅकेट असल्याची खात्री करून घ्यावी आणि नसल्यास स्वतःचे घेऊन जावे.