औषधी मच्छरदाणीच्या नावाखाली १७,९४० रुपयांचा चुना

सांगायला लाज वाटते, तरी लिहितोय. कारण तो माणूस अजूनही सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांमधून फिरत असणार. गळ्यात आयकार्ड, हातात टॅब, पाठीवर सॅक, वय तिशीच्या आत, बोलणं साखरेत घोळलेलं. ‘शासकीय योजना आहे काका, औषध लावलेली मच्छरदाणी. बाजारात २,४०० ची, अनुदान वजा जाता ७८०.’ पुढचं तुम्हाला पाठच असेल. आज शेवटचा दिवस, रात्री यादी बंद, वगैरे.

मी काही अगदीच भोळा नाही. पिंपरीच्या एका कारखान्यात २८ वर्षं स्टोअर सांभाळलंय. पण दिवस कुठले होते तेही बघा. जुलैचा दुसरा आठवडा, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, मागच्या विंगेत दोघांना डेंग्यू. २०२४ मध्ये एरंडवण्यात झिकाचे पेशंट निघाल्यापासून आमच्याकडे डास दिसला की लोकांच्या पोटात गोळा येतो, आणि सुनेला सातवा महिना. अशा वेळी कोणीही घेतली असती. मी जरा जास्तच घेतली, एवढंच. सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने नऊ घरांच्या मिळून २३ मच्छरदाण्या माझ्या नावावर बुक केल्या. त्यातल्या घरच्या तीन.

आता तो क्षण, जो आठवला की अजून झोप उडते. त्याने सॅकमधून काचेची बरणी काढली. आत चार-पाच डास. जाळीचा एक तुकडा आत टाकला आणि दोन मिनिटांत डास उताणे! हिने दारातूनच विचारलं, ‘बरणीला फवाऱ्याचा वास कसला येतोय?’ मी तिलाच गप्प केलं. आयुष्यभर पोरांना एकच शिकवत आलो: सॅम्पल लॉटमधून आपल्या हाताने काढायचं, सप्लायरने खिशातून काढून दिलेलं घ्यायचं नाही. खोकी समोर पडली होती. एक पिशवी फोडायला किती वेळ लागला असता? वर तो म्हणाला, ‘डेंग्यू, मलेरिया, झिका, तिन्ही बंद.’ मी मान डोलावली. महिन्याभरापूर्वी सोसायटीच्या फळ्यावर मीच खडूने लिहिलं होतं, की डेंग्यूचा डास दिवसा चावतो! मलेरियाचा ॲनाफिलीस रात्रीचा. त्याच्यासाठी मच्छरदाणी खरी कामाची. दिवसाढवळ्या कोण खोचून झोपतंय? तान्हं बाळ आणि आजारी माणूस सोडला तर कोणीच नाही.

स्कॅनरवर नाव आलं ते एका मोबाइल शॉपीचं. विचारलं, तर ‘एजन्सीचं खातं आहे.’ १७,९४० गेले. पावतीवर शिक्का होता, पत्ता नव्हता.

भांडं फोडलं भाचीने. ती गडचिरोलीला आरोग्य सेविका आहे, रक्षाबंधनाला आली होती. गच्चीत दोरीवर कडक उन्हात पसरलेली मच्छरदाणी बघून म्हणाली, ‘मामा, औषधाची असेल तर उन्हात का घातलीत?’ आम्ही म्हटलं, त्यानेच सांगितलंय, उन्हाने औषध चढतं. ती हसतच सुटली. खरी असते ती सावलीत वाळवायची, उन्हाने औषध उतरतं. नवी उघडली की एक दिवस सावलीत टांगून ठेवायची. साधारण २० धुण्यांपर्यंत आणि तीन वर्षं टिकते. आमचा हिरो ‘पाच वर्षं, कितीही धुवा’ म्हणाला होता. शिवणीत चिंधी असते, तिच्यावर औषधाचं नाव, डेल्टामेथ्रिन वगैरे, आणि बॅच नंबर. आमच्या मालावर चिंधीच नाही, फक्त पिशवीवर स्टिकर. आणि शेवटचा टोला: ‘आमच्याकडे सरकारी मच्छरदाण्या फुकट वाटतात मामा. पैसे कसले घेतले?’

रविवार पेठेत तसलीच साधी नायलॉनची ३२० ला मिळाली. म्हणजे नगामागे ४६०, एकूण १०,५८० रुपये नुसत्या गोड बोलण्याचे.

मग आमची वरात चौकीत. ‘किती गेले? सतरा हजार? काका, इथे लाखांवाले बसलेत.’ नंतर, ‘माल मिळाला ना? मग फसवणूक कशी?’ १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. माल हातात आलाय म्हटल्यावर त्यांनी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला सांगा म्हटलं. तिथे विक्रेत्याचं नाव-पत्ता हवा. अहो, पत्ता असता तर मीच नसतो का गेलो? आरोग्य कार्यालयात तीन खेपा. पहिल्यांदा साहेब फिल्डवर, दुसऱ्यांदा मीटिंगमध्ये, तिसऱ्यांदा भेटले तर म्हणाले, ‘तो आमचा माणूस नाही, म्हणजे आमचा संबंध नाही. अर्ज दोन प्रतींत द्या.’ दिला. पोच मागितली तर झेरॉक्सवर नुसती रेघ ओढून दिली. सरकारच्या नावावर कोणी पावत्या फाडतोय, याचं कुणालाच काही नाही!

दारात आलेल्याचं आयकार्ड नुसतं बघू नका, फोटो काढा. खरा असेल तर नाही म्हणणार नाही. स्कॅनरवर दुसरंच नाव आलं की फोन खिशात. आणि कृपा करून माझ्यासारखे दुसऱ्यांचे पैसे स्वतःच्या खात्यातून भरू नका. चार घरांनी नऊ मच्छरदाण्यांचे ७,०२० परत मागितले, मी मुकाट्याने दिले. एका वहिनींनी मात्र ‘राहू द्या भाऊ, जाळी तर आहे’ म्हटलं, आणि ते खोटं नाही. फाटकी नसेल, गादीखाली नीट खोचली असेल, तर साधी मच्छरदाणीही रात्रीचा डास अडवते. मीही आता तिच्यातच झोपतो, चरफडत.

गेल्या आठवड्यात त्याच कार्यालयातून दोघे आले. वाटलं, अर्जाची चौकशी. त्यांनी कुंड्यांखालच्या ताटल्या तपासल्या, अळ्या दाखवल्या आणि सोसायटीला ५०० रुपये दंड लावला. त्यांचे मात्र मी आधी आयकार्डाचे फोटो काढले.