बंपरची जाळी झाका, की खाली रबरी पट्टी लावा?

हवेचा विरोध कमी करून मायलेज वाढवायचे हे दोन उपाय: पुढची जाळी झाकायची, किंवा गाडीखाली शिरणारी हवा अडवायला बंपरच्या खालच्या कडेला पट्टी लावायची. हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे दोन्ही उपायांचा फायदा ८०–१००च्या वेगात, म्हणजे हायवेवर. शहरातल्या सिग्नलवर काहीच नाही. आणि पुढे बुल बार (बंपरपुढचा धातूचा गार्ड) असेल तर आधी तो उतरवा.

जाळी झाकणं सोपं. ४ मिमीची फ्लूटेड (आतून पोकळ नळ्यांची) प्लास्टिक शीट कापून वरच्या जाळीमागे चार झिप टायने बांधली की झालं. रेडिएटरमध्ये घुसून अडखळणारी हवा बॉनेटवरून सरळ निघून जाते. खालची जाळी मात्र उघडी ठेवा. ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडून आकडे दाखवणारं यंत्र) कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान बघत राहा: नेहमी ९०–९५ अंश असेल आणि घाटात १०५कडे सरकू लागलं, तर शीट काढायची. एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये गाडी गरम व्हायच्या आधी एसी गार करेनासा होतो. टर्बो डिझेलमध्ये इंटरकूलर (टर्बोकडून इंजिनात जाणारी हवा थंड करणारा भाग) कुठे आहे ते पाहिल्याशिवाय कात्री लावू नका.

रबरी पट्टीला उष्णतेची भीती नाही, पण उंचीचं गणित चुकतं. गाडीखालचा सर्वात खालचा भाग, बहुधा क्रॉसमेंबर (सांगाड्याचा आडवा दांडा) किंवा सायलेन्सर, मोजा, पट्टी तिथपर्यंतच. आणखी खाली नेली तर हवेला उलट जास्त आडवी जागा मिळते. रबराऐवजी फायबरची तयार पट्टी (लिप) लावली तर ती पहिल्याच गतिरोधकावर तडकते. ३–४ मिमीचं रबर वाकून परत सरळ होतं. स्क्रूखाली रुंद वॉशर हवेच, नाहीतर भोकापाशीच रबर फाटतं.

थंडीत रोज हायवे असेल तर जाळी. बारमाही लावून विसरायचं असेल तर पट्टी.