ठाण्याच्या नौपाड्यातलं जुनी पत्रं जतन करून देणारं दुकान: दुरुस्ती उत्तम, स्कॅनच्या कडा तपासून घ्या

१९७१च्या युद्धातल्या एका जवानाने गावी बायकोला धाडलेली ३८ पत्रं, बहुतेक निळी आंतरदेशीय. या गठ्ठ्यावर दुकानाचं काम जोखलं आहे. दोन्ही बाजूंच्या स्कॅनचे पत्रामागे ६० रुपये, दुरुस्तीचे वेगळे.

लॅमिनेशनला दुकानवाले सरळ नाही म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. तापलेलं प्लास्टिक कागदात एकदा बसलं की निघत नाही. घडीवर चिरलेलं पत्र मागून जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या खळीने सांधतात. ही खळ पुढे कधीही पाण्याने सुटते. पण फाउंटन पेनची शाईही पाण्यानेच पसरते. म्हणून आधी एका अक्षराच्या टोकाला ओलसर कापूस टेकवून बघतात, खळ घट्ट ठेवतात आणि वर टिपकागद दाबतात. ३८ पैकी एकाही पत्राची शाई फुटली नाही. सेलोटेपचे पिवळे डाग मात्र निघाले नाहीत. निघणार नाहीत हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

स्कॅन ६०० डीपीआय, रंगीत, टिफ फाइल. कृष्णधवल घेऊ नका, पुसट शिक्का हरवतो. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात फक्त युनिट आणि ‘५६ ए.पी.ओ.’ (सैन्याचं टपाल कार्यालय) असतं, ठिकाणाचं नाव नसतं. तारीख न घातलेली पत्रं क्रमाने लावायची तर फील्ड पोस्ट ऑफिसचा, म्हणजे तळावरच्या लष्करी टपाल कार्यालयाचा शिक्काच कामी येतो.

चूक झाली ती कडांची. मायना नेहमीचा, ‘सौ. … हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.’ मग मनीऑर्डर, बैल, आईचे गुडघे. पत्र घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जाणार, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक. तिच्यासाठीचं जे काही, ते चिकटवायच्या पट्टीवर नाहीतर समासात उभं, बारीक अक्षरात. मशीनच्या ऑटो-क्रॉपने, म्हणजे कडा आपोआप छाटण्याच्या सोयीने, नेमकं तेच उडवलं. एका पट्टीवरचं ‘धाकट्याला माझं नाव सांगत जा’ स्कॅनमध्ये ‘धाकट्याला माझं ना’ एवढंच उरलं. अशी सात पत्रं निघाली. दाखवल्यावर फुकट पुन्हा करून दिली, पण चार दिवस गेले.

तेव्हा देतानाच सांगा: ऑटो-क्रॉप बंद, पत्राखाली काळा कागद, चारही बाजूंना एक सेंटिमीटर मोकळं. प्रत्येक पत्रावर मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घाला आणि पत्रं मोजून द्या. पाकिटं असतील तर तीही द्या, ‘रिकामी आहेत’ म्हणून घरी ठेवू नका.

परत देताना पत्रं साध्या पीव्हीसी फोल्डरमध्ये घालतात. एवढी नाजूक दुरुस्ती करणाऱ्यांना हे कसं चालतं कोण जाणे! पीव्हीसी शाई ओढून घेतं. पॉलिएस्टरची, म्हणजे मायलरची पाकिटं मागा, जादा पैसे पडले तरी. आणि ठाण्याच्या जुलै-ऑगस्टात पत्रांचा खोका बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. ओल धरली की कसर लागलीच.