दांडिया बाजारातले तीन ढीग: गेमिंग, ग्राफिक नॉव्हेल की संस्कृत, पैसे कशावर घालवायचे?

तर झालं असं की बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या ओळखीच्यांचं जुनं घर रिकामं होतंय. मुलगा कॅनडात, आईबाबा पण तिकडेच चाललेत, आणि पुस्तकं पस्तीवाल्याला किलोवर द्यायला जीव होत नाही म्हणून ओळखीतल्या ओळखीत विकायला काढलीयत. तीन पिढ्या, तीन ढीग. आजोबांचा संस्कृतचा, बाबांचा कॉमिक्सचा आणि मुलाचा गेमिंगचा. मी दोन रविवार तिथे मांडी घालून ते ढीग लावले म्हणून आता जो तो मलाच विचारतोय, दोन हजार आहेत, काय घेऊ. एकेकाला सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

माझा हिशोब साधा आहे, जे दुसरीकडे फुकट आणि नीट वाचता येतं त्याला पैसे देऊ नका. कंजूषपणा म्हणा हवं तर.

गेमिंगच्या ढिगात सगळ्यांचे हात आधी जातात ते डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या (टेबलाभोवती बसून फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायचा खेळ) जाडजूड पुस्तकांकडे, कारण दिसतातच तशी, ड्रॅगन बिगन, ग्लॉसी कागद. मूळ पुस्तकं तीन असतात. एक खेळणाऱ्यांचं, एक खेळ चालवणाऱ्याचं (याला डन्जन मास्टर म्हणतात, आपल्याकडे कीर्तनात बुवा असतात तसा, सगळी कथा याच्या तोंडून), आणि एक राक्षसांचं. खेळ १९७४ चा आहे आणि त्याच्या आवृत्त्या बदलत राहतात, घोळ तिथेच होतो. या ढिगात २०१४ ची पाचवी आवृत्ती आहे, आणि २०२४ ला तिचीच सुधारलेली आवृत्ती आलीय. म्हणजे जुनी बाद झाली का, तर नाही, पण तुमचा ग्रुप कुठली वापरतो ते आधी विचारा, नाहीतर टेबलावर अर्धा वेळ नियमांवर भांडण. आणि ग्रुपच नसेल तर? मग ते पुस्तक म्हणजे पत्त्यांच्या खेळाचे नियम घेऊन एकट्याने गच्चीत बसणं. चार-पाच माणसं, प्रत्येकाचे तीन-चार तास, तेही दर आठवड्याला, हे जमवणं पुस्तकापेक्षा कितीतरी महाग आहे. शिवाय मूळ नियमांचा मोठा भाग २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली नेटवर कायदेशीर फुकट आहे. आधी तो उतरवा, सात फाशांचा सेट घ्या, चार वेळा खेळा, पाचव्यांदा सगळे जमले तर पुस्तक घ्या.

एकटे असाल तर त्याच ढिगात तळाशी इंग्लिश गेमबुकं आहेत, फायटिंग फॅन्टसी नावाची सिरीज, १९८२ ला सुरू झालेली. पहिल्या पुस्तकात ४०० तुकडे आहेत, वाचता वाचता ठरवायचं की डावीकडे गेलो तर अमुक नंबर काढ, उजवीकडे तर तमुक, लढाई आली की साधे दोन फासे. पेन्सिल आणि लुडोतले फासे, बास. दुपारच्या वेळी यापेक्षा स्वस्त करमणूक मला माहीत नाही. फक्त घेताना सुरुवातीचा हिशोबाचा तक्ता बघा, कुणी तिथे बॉलपेनने आकडे लिहून ठेवलेले असतात (मीही लहानपणी दुसऱ्याच्या पुस्तकात हेच केलंय, कबूल), पेन्सिलचं असेल तर खोडता येतं.

आता कॉमिक्सचा ढीग, आणि इथे मी थोडा बायस्ड आहे हे आधीच सांगतो.

पहिली गोष्ट, चित्रं आहेत म्हणून मुलांचं असं समजून दहा वर्षांच्या भाच्याला काहीही उचलून देऊ नका. त्या ढिगात माउस नावाचं ग्राफिक नॉव्हेल (चित्रांतून सांगितलेलं अख्खं पुस्तक) आहे, ज्यात ज्यू उंदीर आणि नाझी मांजरं आहेत, लेखकाच्या वडिलांची छळछावणीतली खरी हकीकत, १९९२ ला त्याला पुलित्झर मिळालं. दोन भागांचं आहे, एकच भाग मिळाला तर अर्ध्यात अडकाल, एकत्र आवृत्तीच घ्या. मुलांसाठी हवं तर अमर चित्र कथेचा मोठा गठ्ठा आहे, १९६७ पासून निघतायत, सुटे अंक दहा-वीस रुपयांत जातायत, ते डोळे मिटून घ्या, फक्त स्टेपलला गंज लागून मधली पानं सुटलेली नाहीत ना एवढं बघा.

मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, घेणार असाल तर सावध. उजवीकडून डावीकडे वाचायचं त्याची सवय होते, पण सिरीज संपत नाही. त्या ढिगात नारुतोचे पहिले तीन भाग आहेत, स्वस्त आहेत म्हणून एकाने लगेच उचलले, मी म्हटलं बाबा रे, पूर्ण ७२ भाग आहेत, उरलेले ६९ नवे घेशील तेव्हा ॲक्टिव्हा विकावी लागेल. तीन भाग परत ठेवले त्याने.

आणि मग भीमायन, बाबासाहेब आंबेडकरांवरचं ग्राफिक नॉव्हेल. मला विचाराल तर तिन्ही ढिगांत बडोदेकराने घ्यायचं पहिलं पुस्तक हेच. २०११ चं, दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी गोंड शैलीत काढलेलं. चौकटींत कापलेली पानं नाहीतच यात, रेषा वाहत जातात, गाडीचं जनावर होतं, बोलणाऱ्याच्या शब्दांना पक्ष्याचा आकार आणि विखारी बोलण्याला विंचवाची नांगी. बाबासाहेबांचं पाणी, निवारा आणि प्रवास असे तीन भाग आहेत, त्यातला निवाऱ्याचा भाग आपल्या गावातला आहे. १९१७ ला ते गायकवाड सरकारच्या नोकरीसाठी इथे आले, राहायला कुणी जागा देईना, पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही बाहेर काढलं. कमाटी बागेत जिथे ते बसले ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. आपण त्याच बागेत सकाळी चालायला जातो आणि बाहेर येऊन लारीवर सेवउसळ खातो, आणि शाळेत हे कुणी नीट सांगितलं नाही मला. हे पुस्तक मोबाइलवर वाचण्यात अर्थ नाही, पान पूर्ण दिसायला लागतं. माझ्या हिशोबात पैसे इथे जावेत.

संस्कृतचा ढीग सगळ्यात भारी आणि सगळ्यात फसवा. जाड कापडी बांधणी, पिवळी पानं, बडोद्याची गायकवाड ओरिएंटल सिरीज, १९१६ पासूनची, पहिलं पुस्तक राजशेखराची काव्यमीमांसा. हात लावला की आजोबा आठवतात आणि खिशात हात जातो. थांबा. एक पान उघडा. वर चार ओळी संहिता, खाली अर्धं पान पाठभेद, म्हणजे कुठल्या हस्तलिखितात कुठला शब्द आहे त्याची यादी. भाषांतर बहुतेक नसतंच. हे अभ्यासकाचं हत्यार आहे, आणि ज्याला लागतं त्याच्यासाठी सोनं. इथल्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची जी चिकित्सक आवृत्ती केली, १९६० ते १९७५, सात कांडं सात खंडांत, तिच्यावरूनच केलेलं इंग्रजी भाषांतर अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रेसने छापलं. पण तुम्हाला रात्री झोपायच्या आधी रामायण वाचायचंय ना, मग तो खंड छातीवर पडून मोडाल काहीतरी. जुने खंड स्कॅन होऊन नेटवर आहेत, आणि मांडवीतल्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन बसायला काय होतंय, काचेच्या फरशा बघायच्या निमित्ताने तरी जा.

वाचायलाच हवं असेल तर एका पानावर मूळ आणि समोर इंग्रजी अशा मालिका घ्या. त्यात ढिगात दोन आहेत आणि फरक मोठा आहे. क्ले संस्कृत लायब्ररी दिसायला गोंडस, खिशात मावेल एवढी, पण मूळ संस्कृत रोमन लिपीत, वर संधी दाखवायच्या बारीक खुणा. देवनागरी येत असताना आपण ते का वाचायचं? मूर्ती क्लासिकल लायब्ररी, २०१५ पासूनची, मूळ भाषा तिच्या चालू लिपीत देते आणि भारतातली पेपरबॅक आवृत्ती परवडते. मी मूर्तीच घेईन, दहावीपर्यंतचं संस्कृत आठवत असेल तर डावं पान हळूहळू लागायला लागतं.

म्हणजे दोन हजारांत भीमायन, एक मूर्ती, एक गेमबुक आणि उरलेल्यात अमर चित्र कथा. ड्रॅगनवालं पुस्तक ग्रुप असेल त्यालाच.

आणि हो, एवढं ज्ञान देऊन मी स्वतः काय घेतलं तर मानसोल्लास. गायकवाड सिरीजमध्येच तीन भागांत निघालेला, चालुक्य राजा सोमेश्वराचा १२ व्या शतकातला ग्रंथ, पाच विंशती (म्हणजे वीस-वीस अध्यायांचे गट), शंभर अध्याय, आणि पाचवी विंशती आख्खी खेळांची. गेमिंग आणि संस्कृत एकाच पुस्तकात, म्हटलं आपल्याला सोडायचं नाही. घरी येऊन पाहतो तर आणलाय पहिला भाग. खेळ शेवटच्या भागात आहेत, आणि तो त्या घरात नव्हताच.