क्रिटावर नाशिक : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आजूबाजूचं आजचं जगणं डिजिटल चित्रांतून मांडायचं असेल तर कशावर काम करावं, असं मला अनेकजण विचारतात. गेले काही महिने मी क्रिटा हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर आणि त्याच्या जोडीला स्क्रीन नसलेला एक मध्यम आकाराचा पेन टॅबलेट वापरते आहे. विषय एकच धरलाय : सिंहस्थाच्या तयारीतलं नाशिक. उकरलेले रस्ते, बदलणारा गोदाकाठ आणि त्या सगळ्यातून वाट काढत रोजची कामं उरकणारी माणसं. त्यामुळे हा अनुभव त्याच कामाच्या अंगाने लिहिला आहे. कार्टून, गेमची पात्रं किंवा लग्नपत्रिका करणाऱ्यांचं मत वेगळं असू शकेल.

आधी सरळ माहिती. क्रिटा मोफत आहे आणि मुक्त-स्रोत आहे. केडीई या मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या समुदायातले लोक ते घडवतात आणि प्रकल्प मुख्यतः देणग्यांवर चालतो. विंडोज, लिनक्स, मॅकवर चालतं, अँड्रॉइडच्या मोठ्या टॅबलेटवरही चालतं. खातं उघडावं लागत नाही, महिन्याचं भाडं नाही, चित्रावर कुणाचा शिक्का उमटत नाही. चित्रकला महाविद्यालयातल्या मुलांना मी हे आवर्जून सांगते, कारण महिन्याच्या वर्गणीपायी अनेकांचं डिजिटल काम सुरूच होत नाही. पेन टॅबलेट पाच हजारांच्या आसपास मिळतो. हात खाली, नजर समोर, ही सवय लागायला थोडे आठवडे जातात. तेवढे आठवडे रोज नुसत्या रेषा ओढाव्यात. ब्रश टूलच्या पर्यायांत (टूल ऑप्शन्समध्ये) रेषा स्थिर करणारा स्टॅबिलायझर आहे. सुरुवातीला त्याचा आधार वाटतो. माणसांची घाईतली हालचाल काढताना मात्र तो मी बंदच ठेवते, कारण तो रेषेतला जीव काढून घेतो.

आता मुख्य गोष्ट, लेअर्स, म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे पारदर्शक थर. थर ही सोय सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते, त्यात नवं काही नाही. पण समाजाविषयी चित्र काढताना थर हे विचार करायचं साधन होतं, हे मला दुतोंड्या मारुतीच्या चित्रावर काम करताना उमगलं.

नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते. गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती उभी आहे आणि पुराचं माप नाशिककर तिच्यावरून काढतात. गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे हे बातम्यांत येतंच, पण घराघरात विचारतात ते ‘मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?’ गुडघ्याला, कमरेला, छातीला. पाणी चढायला लागलं की सराफ बाजार, भांडी बाजारातले दुकानदार माल हलवू लागतात.

मी मूर्ती, पायऱ्या आणि मागची देवळं एका गटात काढली. पाण्याची प्रत्येक पातळी वेगळ्या गटात, मल्टिप्लाय मोडवर. या मोडमध्ये वरच्या थराचा रंग खालच्या रंगाला गडद करतो, म्हणजे गढूळ पाण्याखालचा दगड अंधूक दिसत राहतो. मग माणसं. पाणी गुडघ्याला असताना घाटावर टपरीवाले आपलं सामान बांधताहेत, होळकर पुलावर दोनचार जण उभे आहेत. पाणी कमरेला येतं तसे टपरीवाले कमी होतात आणि पुलावर मोबाइल वर धरलेले हात वाढत जातात. छातीला पाणी लागतं तेव्हा खाली एकही माणूस नाही आणि पुलाचा कठडा हातांनी भरून गेलाय. क्रिटामध्ये कॉम्पोझिशन्स नावाची एक छोटी खिडकी आहे. कोणते थर दिसावेत, कोणते लपावेत, याच्या वेगवेगळ्या जुळण्या तिथे साठवता येतात आणि एकाच फाइलमधून सगळी चित्रं ओळीने बाहेर काढता येतात. माझी पुराची पूर्ण मालिका एका फाइलमध्ये आहे. हेच जलरंगात करायचं तर प्रत्येक वेळी मूर्ती पुन्हा काढावी लागली असती, आणि मूर्ती जराही बदलली की पाणी चढल्याचा परिणाम गेला. इथे दगड तोच राहतो, पाणी आणि माणसं तेवढी बदलतात. मला म्हणायचं होतं ते यातूनच म्हणता आलं.

जलरंगाचं नाव घेतलं म्हणून एक सांगते. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांनी गोदाघाट जलरंगात इतका उत्कटतेने काढला आहे की आपल्याकडे घाट म्हटलं की डोळ्यांपुढे तोच ओला, हलका रंग येतो. क्रिटातले जलरंगी ब्रश त्या ओलेपणाच्या जवळ जात नाहीत आणि मी त्यांच्याकडून ती अपेक्षाही ठेवत नाही. मी खडू आणि कोरड्या ब्रशची जात वापरते. धूळ, सिमेंट, बॅरिकेडचे पत्रे, हिरवी जाळी हे आजच्या नाशिकचे रंग आहेत आणि ते खरखरीत ब्रशनेच खरे वाटतात. तपोवनातली झाडं साधुग्रामासाठी, म्हणजे सिंहस्थात साधूंच्या मुक्कामासाठी, तोडण्याच्या प्रस्तावाला 2025 च्या अखेरीस लोकांनी विरोध केला, तेव्हाची चित्रं मी जवळजवळ फक्त खडूच्या एकाच ब्रशने केली. ब्रश शेकड्याने आहेत, नेटवर आणखी मिळतात. तीनचारच निवडावेत आणि त्यांच्याशी मैत्री करावी.

फोटोवरून काढण्याबद्दल. रेफरन्स इमेज ठेवायची सोय छान आहे, फोटो कॅनव्हासच्या कडेला टाचून ठेवता येतो. पण जागेवर उभं राहिल्याशिवाय काही गोष्टी कळत नाहीत. रामकुंडावर अस्थिविसर्जन चाललेलं असतं, गुरुजी मंत्र म्हणत असतात आणि घरातलं कुणीतरी फोन उभा धरून परदेशातल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर ते दाखवत असतं. नेटवर्क तुटलं तर गुरुजी थांबतात. स्क्रीनवरचा मुलगा हात जोडून बसलेला असतो, त्याच्यामागे त्याच्या घरातली भिंत. अशा वेळी मी फोटो काढत नाही. पाहून येते आणि घरी आठवणीने काढते. चेहरे आपोआप गळून पडतात, फोन धरलेला हात राहतो. माझ्या सगळ्या चित्रांत लोकांना हे चित्र सर्वांत जवळचं वाटतं, कारण आता जवळपास प्रत्येक घरातलं कुणीतरी बाहेर आहे.

कांद्याच्या चित्राची गोष्ट वेगळी. 8 डिसेंबर 2023 ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत संताप उसळला. बंदी उठली 4 मे 2024 ला. त्या काळाचं चित्र मला करायचंच होतं : लिलावासाठी ट्रॅक्टरांची रांग आणि प्रत्येक स्टिअरिंगवर फोनच्या उजेडात उजळलेला एक चेहरा, भाव बघणारा. लासलगावला एका शेतकरी काकांना ते मोबाइलवर दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, ‘ताई, वर ढग काढलेत तुम्ही. मग ट्रॉलीवर ताडपत्री पाहिजे. ढग आले की पहिली तीच बघतो आम्ही.’ घरी येऊन नवा थर घेतला आणि निळी ताडपत्री पांघरली. सगळ्या चित्रात तेवढाच एक गडद निळा आहे आणि नजर आधी तिथेच जाते. ज्यांच्याविषयी चित्र आहे त्यांचा शब्द चित्र झाल्यानंतरही आत घेता येतो, हे मला डिजिटलचं मोठं मोल वाटतं.

‘एआयला सांग ना, दोन मिनिटांत देईल’ हे हल्ली रोज ऐकू येतं. मी एआयकडे गोदाघाटाचं चित्र मागून पाहिलं. घाट आला तो वाराणसीच्या तोंडवळ्याचा, संध्याकाळच्या सोनेरी उजेडात, आणि मारुती कुठेच नव्हता. शहर बाहेरून जसं दाखवलं जातं तसं ते चित्र होतं. मला हवी आहे ती बुधवारच्या बाजारात भाजीवाल्या मावशीच्या टोपलीला टेकवलेली क्यूआर कोडची पाटी, तिची घासून पांढरी पडलेली कड. ती बघूनच काढावी लागते.

तांत्रिक बाजूने दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. छापायचं असेल तर कॅनव्हास सुरुवातीलाच मोठा घ्या. ए-3 आकार, 300 डीपीआय (एका इंचात 300 ठिपके) म्हणजे 3508 बाय 4961 पिक्सेल. रंगांची नोंद 8 बिटची असेल तर पूर्ण भरलेला एक थर साधारण 70 एमबी मेमरी घेतो, 16 बिटला दुप्पट. रिकाम्या भागाला फारशी मेमरी लागत नाही, म्हणून थरांवर आवश्यक तेवढंच रंगवावं. 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर माझं भागतं, पण थरांची संख्या वाढली की झालेले थर मी एकत्र करते. दुसरी गोष्ट रंगांची. स्क्रीन स्वतः उजळते, कागद उजळत नाही. भगवा, झेंडूचा केशरी, बॅरिकेडचा चमकता पिवळा छपाईत हमखास मंदावतात. कंट्रोल-वाय दाबून सॉफ्ट प्रूफिंग सुरू केलं की छापल्यावर रंग कसा दिसेल याचा अंदाज येतो. सिंहस्थाच्या चित्रांत भगवा इतका आहे की मी अधूनमधून ते दाबतच असते. फ्लेक्सवर छापून बघायचा मोह होतो, कारण फ्लेक्सवाले गल्लोगल्ली आहेत, पण बारीक रेषा त्यात टिकत नाही. चांगल्या मॅट कागदावर आधी छोटा तुकडा छापून घ्या.

पाट्या आणि भिंतींवरची अक्षरं मी टाइप करत नाही, पेनने काढते. रंगाऱ्याच्या हाताचं वळण कुठल्याही फॉन्टमध्ये सापडत नाही.

इन्स्टाग्रामवर चित्र 1080 पिक्सेल रुंदीला आकसतं आणि मोबाइल धरलेले ते हात ठिपके होतात. म्हणून मी पूर्ण चित्राबरोबर दोनतीन तुकडे मोठे करून टाकते. लोक त्या तुकड्यांवर थांबतात, आपला पूल, आपलं दुकान शोधतात, आपल्या गल्लीत काय बदललं ते लिहितात. त्यातून पुढच्या चित्राचे विषय मिळतात.

कुणी घ्यावं? ज्यांना आपल्या गावाविषयी सलग, बराच काळ काम करायचं आहे त्यांनी जरूर घ्यावं. फोटोवर फिल्टर चढवून झटपट काही हवं असेल तर फोनवर त्याहून सोपं मिळेल. घेतलंत तर कंट्रोल-अल्ट-एस ही कळ पहिल्याच दिवशी शिका. तिने फाइलच्या नावापुढे नवा आकडा लागून वेगळी प्रत साठते आणि जुनी तशीच राहते. गोदाकाठ आत्ता ज्या वेगाने बदलतोय, त्यात माझ्या जुन्या प्रती मला नव्या चित्रांइतक्याच लागतात.