जुन्या घराच्या फटी: सीलंट, फोम, जाळी की गिलावा?

फटी बुजवायच्या म्हटलं की बहुतेकांचा हात आधी फोमच्या डब्याकडे जातो. मोठं भोक मिनिटात भरतं, त्यामुळे काम झाल्यासारखं वाटतं. पण वारा आणि उंदीर या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पीयू (पॉलियुरेथेन) फोम, म्हणजे डब्यातून फवारला की फुगून घट्ट होणारा फेस, वारा छान अडवतो, उंदीर मात्र तो कुरतडून आरामात आत येतो. तारेच्या जाळीचं नेमकं उलटं. म्हणून साहित्य निवडण्याआधी दोन गोष्टी बघा: फट हलते का, आणि तिच्यातून येतंय कोण.

हलणारी फट म्हणजे लाकडी चौकट आणि भिंत यांच्यामधली. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. तिथे सिमेंट भरलं तर काही दिवसांतच कडेने बारीक चीर पडते. सहा मिलिमीटरपर्यंतच्या फटीला सीलंट बरं, म्हणजे नळकांड्यातून भरायची, सुकल्यावरही लवचिक राहणारी लुकण. त्यातही अ‍ॅक्रिलिक स्वस्त, ओल्या फडक्याने पुसता येतं आणि त्यावर रंग बसतो. सुकताना मात्र थोडं आकसतं. सिलिकॉन जास्त ताण सोसतं आणि पाण्याला दाद देत नाही, पण त्यावर रंग धरत नाही. सिमेंट-चुन्याच्या भिंतीला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, न्यूट्रल प्रकारचं मागा. माझं मत विचाराल तर खोल्यांत अ‍ॅक्रिलिक, न्हाणीघरात आणि बाहेरच्या बाजूला सिलिकॉन. फट खोल असेल तर आधी फोमची गोल दोरी दाबून बसवा, नाहीतर सीलंटची नळकांडीच्या नळकांडी रिकामी होतील.

पाइप भिंतीतून जातो तिथलं भोक हे उंदराचं खरं दार. साधी पेन्सिल ज्यातून आत जाते, त्यातून लहान उंदीरही शिरू शकतो. इथे एकट्या फोमवर विसंबू नका. आधी स्टेनलेस स्टीलचा किंवा तांब्याचा तारेचा गुंता घट्ट कोंबा, मग त्यावर सीलंट किंवा गिलावा. साधं स्टील वूल (बारीक पोलादी तारांचा बोळा) ओलीत गंजतं आणि भिंतीवर डाग सोडतं. फोम वापरायचाच असेल तर जाळीच्या मागे. उन्हात तो पिवळा पडून भुसभुशीत होतो, आणि चौकटीभोवती कमी फुगणारा नसेल तर चौकटच वाकवून दार अडकवतो. धुराड्याजवळ तर तो अजिबात नको, कारण तो पेट घेतो.

न हलणाऱ्या दगड-विटांच्या भेगेला चुन्याचा किंवा सिमेंटचा मसालाच चांगला. मूळ बांधकाम चुन्यातलं असेल तर चुनाच वापरा. कडक सिमेंट ओल आत कोंडतं आणि शेजारची मऊ वीट झडू लागते.

दारं-खिडक्यांचं गणित सोपं आहे. चिकटवायची स्पंजची पट्टी स्वस्त पण लवकर चेपते, रबरी पट्टी टिकते. दाराखाली ब्रशपेक्षा रबरी पट्टी वारा जास्त अडवते, फरशी खडबडीत असेल तर मात्र ब्रशच जुळवून घेतो. उंदरांचा त्रास असेल तर दोन्हींऐवजी आत धातूची जाळी असलेली पट्टी शोधा.

सगळं एकदम जमणार नसेल तर थंडीच्या दिवसांत गार वारा रोखायला छताजवळच्या आणि जोत्याजवळच्या फटी आधी घ्या. घरातली गरम हवा वरून निसटते आणि खालून गार हवा ओढली जाते. आणि काही भोकं मुद्दाम ठेवलेली असतात: गॅस गीझर किंवा शेगडीसाठीची हवेची वाट, भिंतीतली पाणी निथळायची छिद्रं, जोत्याचे झरोके. गीझर-शेगडीची वाट बुजवली तर विषारी कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो, तिला हात लावू नका. झरोक्यांतून उंदीर येत असतील तर सहा मिलिमीटरहून बारीक छिद्रांची जाळी ठोका.