चिपमंक की एचटी-२: भिंतीवर कोणत्या विमानाचा जुना फोटो लावावा?

दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर नवख्या माणसाला ते एकाच विमानाचे वाटतात. खाली पंख, एकामागे एक दोन सीटा, निमुळतं नाक, शेपटीखाली छोटं चाक. एक ब्रिटिश हवाई दलाचं चिपमंक, दुसरं आपलं एचटी-२. महायुद्धानंतर टायगर मॉथसारख्या दुपंखी विमानांवर शिकण्याचे दिवस सरत आले होते, तेव्हा ही दोन्ही ट्रेनर विमानं आली. दोन्हींच्या नाकात चार सिलिंडरचं, हवेनं थंड होणारं इंजिन उलटं बसवलेलं. नाकातलं साम्य त्या इंजिनामुळे आहे.

चिपमंक कॅनडात टोरांटोजवळच्या डाउन्सव्ह्यूला मे १९४६ मध्ये पहिल्यांदा उडालं. आराखडा पोलंडहून आलेल्या याकिमियुक या इंजिनिअरचा. १२०० हून जास्त विमानं बनली आणि ब्रिटिश हवाई दलानं ती १९९६ पर्यंत नेहमीच्या वापरात ठेवली. प्रिन्स फिलिप १९५२ मध्ये यावरच विमान चालवायला शिकले. इतकी वर्षं वापरात राहिल्यामुळे त्याचे फोटो भरपूर आहेत, म्हणून चिपमंक घेताना चोखंदळ राहा. अंगावरचा नंबर स्पष्ट वाचता येईल असाच फोटो घ्या. दोन इंग्रजी अक्षरं आणि तीन आकडे मिळाले की त्या एका विमानाचा इतिहास शोधता येतो. चंदेरी अंगावरचे पिवळे पट्टे काही जुन्या फिल्मवर काळपट दिसतात. तो छपाईचा दोष समजू नका.

एचटी-२ ची गोष्ट वेगळी. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली त्याचा आराखडा झाला आणि १९५१ मध्ये ते उडालं. घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातले, जर्मनीत ग्योटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्याकडे शिकलेले. स्वतंत्र भारतात आराखड्यापासून इथेच घडलेलं हे ट्रेनर आपल्या वैमानिकांच्या पिढ्यांनी हाताळलं, आणि त्यातली १२ विमानं घानालाही गेली. एकूण बनली पावणेदोनशेच्या आसपास. त्यामुळे खरा, जुना फोटो सहज हाती लागत नाही. कोपरा दुमडलेला असो, कडेला डाग असो, मी तो घेईन. हार्वर्ड या अमेरिकन ट्रेनरचा मोह अनेकांना होतो, गोल नाकाचं ते विमान दिसतंही रुबाबदार, पण ते मुळात युद्धाच्या आधीचं डिझाइन आहे.

विमान ठरलं की खरा निर्णय कागदाचा. समोरची बाजू कोणीही सुंदर करून देईल, फोटो मागून वाचायचा असतो. शिक्का, पेन्सिलीनं लिहिलेली तारीख, चिकटवलेली मथळ्याची चिठ्ठी, एखाद्या दफ्तराचा क्रमांक, यातलं काहीही असेल तर किंमत वाढली तरी चालेल. पन्नाशीच्या दशकातला प्रिंट जाडसर, प्लास्टिकचा थर नसलेल्या धाग्याच्या (फायबर) कागदावर असतो आणि वर्षांनी थोडा वाकतो. प्लास्टिकचा थर असलेला गुळगुळीत कागद साधारण १९७० च्या सुमारास रुळला. तेव्हा अशा कागदावर '१९५२' लिहिलेलं असेल तर ते साल निगेटिव्हचं आहे, प्रिंटचं नाही. फोटो तिरका धरून पाहा. काळ्या भागाच्या कडेला निळसर चंदेरी झाक दिसली तर ती प्रिंटमधली चांदी वर्षांनी पृष्ठभागावर आल्याची, म्हणजे जुनेपणाची खूण आहे. खोलीत अंधार करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात उजळपणा आणणारं रसायन आहे, आणि ते साधारण पन्नाशीच्या दशकापासून वापरात आलं. चमकला नाही म्हणून मात्र जुनेपणा सिद्ध होत नाही. शेवटी भिंगातून पाहा: छापील ठिपके दिसले तर तो प्रिंटरवरून किंवा मासिकातून आलेला आहे.

नवा प्रिंट घेण्यात काही कमीपणा नाही. मूळ निगेटिव्हवरून चांगला काढलेला असेल आणि नवा म्हणूनच विकला जात असेल, तर सावल्यांमधला तपशील जुन्यापेक्षाही सुरेख येतो. मुलाच्या खोलीत उन्हाच्या भिंतीवर लावायचा तर मी नवाच सुचवेन. पण जुन्याचे पैसे देऊन नवा घेऊ नका.

फ्रेमबद्दल मी कळकळीनं सांगतो, कारण माझा एक फोटो त्यात गेला. फ्रेमवाल्यानं तो डिंकानं हार्डबोर्डवर चिकटवला, वर थेट काच लावली. दोन पावसाळ्यांत पृष्ठभाग काचेला धरला, आणि पाठीवरची पेन्सिलीची ओळ डिंकाखाली कायमची गेली. माउंट बोर्ड, म्हणजे फोटोभोवतीचा जाड पुठ्ठा, आम्लरहित मागा, फोटो कागदी कोपऱ्यांत अडकवून घ्या, काच आणि फोटो यांच्यात माउंटच्या जाडीएवढी तरी फट हवीच. कोकणात आणि मुंबईत बाहेरची ओली भिंत टाळा, आतल्या भिंतीवरही मागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळू द्या.

दोन्ही समोर असतील आणि दोन्हींची पाठ वाचता येत असेल, तर एचटी-२ घ्या. एचटी-२ च्या मागे काहीच नसेल आणि चिपमंकच्या मागे तारीख, हवाई तळ, नंबर सगळं असेल, तर चिपमंक घ्या. आणि विक्रेता फ्रेमची पाठ उघडून दाखवायला तयार नसेल, तर दोन्ही तिथेच ठेवा.